चाकूच्या पात्यातलं भोक अंगठ्याला कापतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावकडं द्राक्षबाग आहे. ऑनलाइन मागवलेला घडीचा चाकू कायम खिशात असतो, सुतळी तोडायला, ठिबकची नळी कापायला, खोकी फोडायला. एका हातानं उघडता यावा म्हणून पात्याला गोल भोक ठेवलंय, आणि त्या भोकाची कड अंगठ्याला इतकी कापते की महिनाभरात पेराला चीर पडली. घरातली कानस लावून बघितली, ती नुसतीच घसरते. आता ड्रिलला मोठं बिट लावून कड मारू का, असं विचारताय.

ड्रिल आधी जागेवर ठेवा. का ते पुढं सांगतो, कारण ती चूक मी स्वतः करून बसलोय.

माझी उमेदीची सगळी वर्षं कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात गेली. डाय-पंच, जिग, फिक्श्चर हीच कामं. आता सांगलीत घरीच बसून छाटणीच्या कात्र्या, विरळणीच्या कात्र्या, चाकू यांना धार लावतो. एप्रिलच्या खरड छाटणीआधी आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीआधी पिशव्या भरभरून कात्र्या येतात, आणि त्यात हल्ली दोन-चार असे भोकवाले चाकूही असतात. तक्रार बहुतेक तुमचीच असते.

तक्रार एकच असली तरी दुखणं मात्र एकच नसतं. ‘भोकाची कड कापते’ म्हणणाऱ्याच्या चाकूत पुष्कळदा बर राहिलेली असते. भोक पाडताना किंवा नंतर पातं घासताना धातूची जी बारीक कोर कडेला उभी राहते ती बर. पात्याला पाणी देताना, म्हणजे तापवून कडक करताना, तीही पात्याइतकीच कडक होते आणि ब्लेडसारखी कापते. काही चाकवांत बर नसते, पण कोपरा अगदी काटकोनात, कोराकरकरीत ठेवलेला असतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो, हे लक्षात घ्या. आणि काही वेळा भोकाचा काही दोषच नसतो. चाकू बिजागरीला घट्ट असतो, म्हणून अंगठा जोरानं दाबावा लागतो आणि चांगली कडसुद्धा रुतते. या तिसऱ्या प्रकारात तुम्ही भोक घासत बसलात तर भोकही जाईल आणि दुखणंही राहील.

म्हणून पहिलं काम बिजागरीचं. पातं निम्मं उघडून फुंकर मारा. बागेतली माती, सुतळीचे तंतू, खिशातला कचरा, काय काय निघतं बघा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, पातं वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा, निघेल ती काळी घाण पुसा. तरी घट्ट वाटला तर बिजागरीचा स्क्रू किंचित सैल करा. बहुतेक ठिकाणी तो सहा पाकळ्यांचा टॉर्क्स असतो, त्याला साधा पेचकस घालून पाकळ्या खाऊ नका. किंचित म्हणजे घड्याळाच्या काट्यानं पाच-सात मिनिटांचं अंतर चालावं एवढंच. पातं डावी-उजवीकडं हलायला लागलं की जास्त झालं, परत आवळा. माझ्याकडं येणाऱ्या चाकवांपैकी कितीतरी एवढ्यावरच परत जातात, आणि मालक म्हणतो, ‘कड मारली का हो?’ मी हो म्हणतो. चहा होतो.

एवढं करूनही कापत असेल तर मात्र कडेकडं वळू.

कापसाचा एक बोळा घ्या आणि भोकाच्या कडेवरून हलक्या हातानं गोल फिरवा, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. जिथं बर आहे तिथं तंतू अडकून राहतात. बोटानं हे तपासू नका. बोट कापेल, आणि बारीक बर बोटाला नेमकी कुठं आहे ते कळतही नाही. कापूस खोटं बोलत नाही. एकाच बाजूला, एकाच जागी तंतू अडकले तर तुमचं काम दहा मिनिटांचं आहे.

दुसरी चाचणी टूलरूममधली. दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात का ते बघायला आम्ही एकाला निळा रंग फासून दुसऱ्यावर टेकवतो. जिथं रंग उठतो तिथं उंचवटा. घरी निळा रंग नसतो, कुंकू असतं. चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवा, काडीनं भोकाच्या कडेवर पातळ फिरवा, अंगठा कोरडा पुसा आणि चाकू नेहमीसारखा एकदाच उघडा. मग अंगठा बघा. पूर्ण गोल उठणार नाही, चंद्रकोर उठेल. भोकावर बघितलं तर कुंकू तेवढ्याच कमानीवर पुसलेलं दिसेल. घासायची ती तेवढीच कमान, साधारण एक तृतीयांश घेर. उरलेल्या कडेनं तुमच्या अंगठ्याचं काहीही वाकडं केलेलं नाही, आणि तिचा कोपरा शाबूत राहिला तर तुमचाच फायदा आहे.

फायदा कसा, ते सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. या गोल भोकाची कल्पना अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीनं 1981 मध्ये बाजारात आणली. एका हातानं उघडायचे बाकीचे चाकू म्हणजे बहुधा बटनाचे, नाहीतर पात्यावर खुंटी ठोकलेले. भोकाची गंमत अशी की बाहेर काही येत नाही, खिशात अडकत नाही, आणि डावखुऱ्यालाही तितकंच सोयीचं. पण नुसत्या भोकानं पातं उघडत नाही. अंगठ्याचं मांस भोकात थोडंसं, जेमतेम मिलिमीटरभर, आत फुगतं आणि कडेच्या कोपऱ्यावर अडतं. अडतं म्हणूनच पातं सोबत येतं. कोपरा पूर्ण गोलगुळगुळीत केला तर अंगठा अडायची जागाच संपते. कड अंगठ्याला धरते ती ज्या कोपऱ्यानं, कापते तीही त्याच कोपऱ्यानं. आपल्याला कापणं घालवायचंय, धरणं ठेवायचंय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा मेहुणा वाळव्याकडं ऊस करतो. त्यानं असाच चाकू आणून दिला, ‘दाजी, जरा गुळगुळीत करा.’ मी हौसेनं केला. चॅम्फर मारला, म्हणजे कोपरा तिरका कापला, मग गोल केला, आरशासारखी चमक आणली. हातात घेऊन बघितलं तर लोण्यासारखा. पंधरा दिवसांनी त्याचा फोन. फवारणी झाल्यावर ओल्या हातानं चाकू उघडायला गेला, पातं निम्म्यावर आलं आणि अंगठा सटकला. निम्म्यावर खटका बसलेला नसतो. पातं परत फिरलं ते तर्जनीवर, तीन टाके पडले. चूक त्याची नव्हती, माझीच होती. मी कोरड्या हातानं, घरात खुर्चीवर बसून तपासलं होतं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कुणी बघितलंय का? घोडीचा माथा घासायचा असतो, पण कारागीर घासतो कमी आणि ऐकतो जास्त. दोन हात मारले की तार बसवून छेडून बघायची, पुन्हा काढायची, पुन्हा दोन हात. घासलेलं परत भरता येत नाही. या भोकाला मी हल्ली तोच हिशेब लावतो.

आता तुमची कानस का घसरते? चांगल्या घडीच्या चाकवाचं पातं कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर साधारण 56 ते 61 असतं. कानस 62 ते 65 च्या आसपास. म्हणजे कानस वरचढ आहे, पण जेमतेम. पात्यावर तिचे दात धरत नाहीत, उलट दातच बोथट होतात. इथं हिरा लागतो. डायमंड लावलेल्या बारीक नीडल फाइलचा संच हार्डवेअरच्या दुकानात किंवा सोनारकामाचं सामान विकणाऱ्याकडं मिळतो. त्यातली गोल आणि अर्धगोल एवढ्या दोनच लागतील. त्याशिवाय पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर 400, 600 आणि 1000 नंबरचा. बस्स.

भोकाची कड तिरकी कापणाऱ्या ड्रिलच्या शंकूसारख्या बिटाचं, काउंटरसिंकचंही तेच. साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट कडक पात्यावर घासत राहतं, तापतं, जळतं. त्याहून कितीतरी कडक अशा कार्बाइडचं बिट कापतं, पण ते वेगळ्याच भानगडी करतं. माझ्या स्वतःच्या चाकवाला मी बेंच ड्रिलवर कार्बाइड काउंटरसिंक लावलं होतं, ते दिवस टूलरूममधल्या मस्तीचे. पातं थरथरलं आणि भोकाची कड चक्क सातकोनी झाली. शिवाय भोकाचा मध्य आणि बिटाचा मध्य जुळला नव्हता, त्यामुळं एका बाजूला खोल चॅम्फर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तो चाकू पुढं दोन वर्षं मी नव्या पोरांना दाखवायला ड्रॉवरमध्ये ठेवला होता. आणि हातात धरून ड्रिल मारायचा विचार तर करूच नका. बिट भोकात अडकलं तर पातं पंख्यासारखं फिरतं, धारेसकट. छोट्या हँड ग्राइंडरला गोल दगड लावून करणारे आहेत, जमतंही काहींना. पण दगड एकदा निसटला की पात्यावर कायमचा ओरखडा, आणि एका जागी रेंगाळला तर पातं तापतं. कार्बन स्टीलवर गवती पिवळा रंग 220-230 अंश सेल्सिअसला येतो, निळा 300 च्या आसपास. निळा दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरलं. भोक धारेपासून लांब असतं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण एवढ्याशा हातकामासाठी ही जोखीम कशाला?

घासताना हात फिरतो तो धारेजवळूनच, त्यामुळं आधी धार झाका. मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे धारेवर, आणि त्यावर तुमच्याच बागेतला 16 मिलिमीटरच्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, तुकडा उभा चिरून बसवा. इतकं चांगलं म्यान विकत मिळणार नाही. वरून पुन्हा टेप. भोकाभोवती पात्याच्या दोन्ही अंगांना टेप लावा आणि भोकाच्या जागेवर ती कापून काढा, म्हणजे फाइल घसरली तर टेपवर घसरेल. बिजागरीच्या फटीत थोडं ग्रीस भरा. हिऱ्याची आणि पोलादाची भुकटी ग्रीसवर चिकटते, नंतर पुसून काढता येते. चाकू सगळा खोलायच्या भानगडीत, आधी कधी खोलला नसेल तर, पडू नका. काहींत बिजागरीला बारीक छर्रे असतात. ते घरंगळले की सगळं घर चटई उचलून शोधत बसतं.

व्हाइस असेल तर जबड्यात चामड्याचे तुकडे घालून पातं धरा, भोक जबड्याबाहेर. मूठ जबड्यात धरू नका, मुठीच्या पट्ट्या चिरतात आणि खटक्याला खेळ येतो. व्हाइस नसेल तर टेबलाच्या कडेला लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर पातं सी-क्लॅम्पनं आवळा, भोक कडेबाहेर राहील असं.

मग गोल डायमंड फाइल भोकात तिरकी, साधारण 45 अंशांत, आणि ढकलायची बाहेरून आत, पात्याच्या अंगाकडून भोकात. उलट ओढली तर नवी बर बाहेरच्या अंगाला उभी राहते. ढकलताना फाइल कमानीवरून थोडी फिरवत न्यायची, एकाच जागी खाच पडू द्यायची नाही. जोर बिलकूल नको, हिऱ्याची फाइल वजनानंच कापते. दाबली की हिरे उपटतात. आठ-दहा हात झाले की थांबा, रॉकेलनं पुसा, उजेडात तिरकं धरून बघा. कोपऱ्याच्या जागी केसाएवढी चमकती रेघ दिसेल. ती रेघ कमानभर सारख्या रुंदीची झाली की फाइलचं काम संपलं. टूलरूमच्या ड्रॉइंगवर खाली एक ओळ असते, धारदार कडा 0.2 नं मोडाव्यात. तेवढंच इथंही: 0.2, फार तर 0.3 मिलिमीटर. पातं 2 मिलिमीटरचं पातळ असेल तर 0.2 च्या पुढं जाऊच नका.

रेघ आली तरी तिच्या दोन बाजूंना दोन बोथट कोपरे उरतात. ते घालवायला पॉलिश पेपरची 5 मिलिमीटर रुंद पट्टी कापा. नुसता कागद ओढताना फाटतो, म्हणून आधी मागून चिकटपट्टी लावून घ्या आणि मग कापा. पट्टी भोकातून ओवा, दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तशी पुढं-मागं ओढा, टोकं कमानीकडं झुकवून. आधी 400, पाण्यात भिजवून, दहा-बारा हेलपाटे. मग 600, तितकेच. दुसऱ्या बाजूची कडही पट्टीखाली येते, तिची बर आपोआप जाते. त्या बाजूला याहून जास्त काही करायची गरज नाही.

इथं थांबा आणि चाचणी घ्या. टेप, नळी, ग्रीस सगळं काढा, बिजागरी पुसून तेल द्या. कोरड्या अंगठ्यानं पाच वेळा उघडा. मग हात पाण्यात बुडवून पाच वेळा. मग साबणाचा हात, पाच वेळा, सावकाश आणि बाकीची बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. साबणाच्या हातालाही पातं पूर्ण उघडेपर्यंत अंगठा सुटत नसेल तर कड बरोबर आहे. अजून टोचतंय वाटलं तर लगेच परत घासायला घेऊ नका. वीस-तीस वेळा उघडून अंगठा हुळहुळा झालेला असतो, त्याला आता काहीही टोचेल. रात्र जाऊ द्या, सकाळी परत बघा. सकाळीही टोचत असेल तर पुन्हा फक्त 600 चे दहा हेलपाटे. 1000 नंबर मी शेवटी दोन-तीन हात एवढाच फिरवतो, ओरखडे मऊ करायला. त्यापुढं चमकवत बसायचा मोह होतो, मला आजही होतो, तेव्हा मी मेहुण्याचं बोट आठवतो.

काही गोष्टी तुमच्या चाकवावर अवलंबून आहेत. पात्यावर काळा थर असेल तर घासलेल्या कमानीवर तो जाणार आणि चकचकीत कोर दिसणार, त्याला इलाज नाही. आतलं पोलाद स्टेनलेस असेल तर फक्त दिसण्याचा प्रश्न. कार्बन स्टील किंवा डी-2 सारखं अर्धवट स्टेनलेस असेल तर मात्र द्राक्षाचा रस लागला की काळं पडेल, कारण त्यात टार्टरिक आम्ल असतं. काम झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून तेलाचं बोट फिरवत जा. भोक लांबट किंवा थेंबाच्या आकाराचं असेल तर टोकाकडचा निमुळता भाग अर्धगोल फाइलनं घ्या, आणि तिथं आणखी हलक्या हातानं, कारण अंगठा तिथंच सगळ्यात जास्त रुततो. चाकू नवा असेल आणि वॉरंटी असेल तर विकणाऱ्याला आधी फोटो पाठवून बघा. बर राहिली असेल तर ती त्यांची चूक आहे, बदलून मागायला लाजायचं काही कारण नाही. एकदा तुम्ही फाइल लावलीत की ते हात वर करणार.

आज संध्याकाळी बिजागरीला तेल आणि कापसाचा बोळा एवढंच करा. फाइल लागेल की नाही हे त्यातच कळेल. आणि पेराची चीर भरेपर्यंत चाकू डाव्या हातानं उघडायची सवय लावून घ्या. पहिले दोन दिवस वेंधळेपणा होईल, बसून उघडा, मग जमतं. त्या बाजूच्या कडेलाही कापूस अडकत नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.